घोड्याच्या पाठीवरील खोगीर केव्हा उतरवावे?

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे तीन दशकांपूर्वी शेतीवर जगणारे गाव होते. राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले आणि शिवाराचे रूप पालटले. नांगराचे बैल दिसेनासे झाले. गावच्या जुन्या पिढीला मात्र एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नसे. बैल थकला, की त्याच्या मानेवरील जू केव्हा उतरवायचे, हे घरातील कर्ता पुरुष चालीवरून ओळखत असे. आज या परिसरात राहणाऱ्या नोकरदार कुटुंबांचा बैलाशी संबंध उरलेला नाही. घोड्याशी मात्र काही जणांचा नव्याने जुळला आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड भागातील अश्वारोहण संस्थांत शनिवार-रविवारी रपेट शिकण्यास मुले आणि प्रौढ जातात. काही जण पुढे स्वतःचा घोडा घेऊन तो एखाद्या तबेल्यात सांभाळावयास ठेवतात. अशा मालकांपुढे आठ-दहा वर्षांनी जो प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर प्रशिक्षणात सहसा मिळत नाही. घोडा म्हातारा झाला, हे ओळखावे कसे आणि त्याच्यावर बसणे थांबवावे केव्हा?

हा प्रश्न अवघड होण्याचे एक कारण घोड्याच्या स्वभावात आहे. घोडा हा मूळचा कळपात राहणारा आणि शिकारी प्राण्यांपासून पळून बचावणारा प्राणी आहे. दुखणे उघड करणे त्याच्या हिताचे नसते, म्हणून तो ते लपवितो. दुसरे कारण व्यवहारातील आहे. नवशिक्याला जो घोडा प्रथम दिला जातो तो शांत, अनुभवी आणि म्हणूनच बहुधा वयस्क असतो. तो तक्रार करीत नाही. त्यामुळे त्यालाच सर्वाधिक काम मिळते. जे जनावर सर्वांत आज्ञाधारक, त्याचे दुखणे सर्वांत उशिरा लक्षात येते.

वयाचा आकडा पुरेसा नाही

चांगली निगा राखलेला घोडा साधारणपणे २५ ते ३० वर्षे जगतो. लहान चणीचे तट्टू त्याहूनही अधिक जगते. इंग्लंडमधील ‘ओल्ड बिली’ नावाचा कालव्यातील नावा ओढणारा घोडा १७६० मध्ये जन्मला आणि १८२२ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी मेला. सर्वाधिक वयाचा घोडा म्हणून त्याची नोंद आहे. पशुवैद्यक सर्वसाधारणपणे १५ वर्षांनंतर घोड्याला ज्येष्ठ मानू लागतात आणि विशीनंतर शरीरात वार्धक्याचे बदल ठळक होतात. परंतु या आकड्यांवरून निवृत्तीची तारीख काढता येत नाही. शर्यतीचा थरोब्रेड घोडा दोन-तीन वर्षांचा असतानाच धावू लागतो आणि पायांच्या दुखापतीमुळे अनेकदा ऐन तारुण्यातच शर्यतीबाहेर पडतो. उलट व्हिएन्नाच्या प्रसिद्ध अश्वारोहण शाळेतील लिपिझान जातीचे घोडे उशिरा प्रौढ होतात आणि विशी ओलांडल्यावरही कसरती करताना दिसतात. म्हणून वयापेक्षा घोड्याचा इतिहास महत्त्वाचा. तो किती लहान वयात कामाला लागला, कोणत्या जमिनीवर धावला आणि जुन्या दुखापती कोणत्या, हे पाहावे लागते. पुण्याचे रेसकोर्स जवळ असल्याने येथील संस्थांत शर्यतीतून बाहेर पडलेले घोडेही येतात. अशा घोड्याचे वय दहा असले, तरी त्याचे सांधे त्याहून म्हातारे असू शकतात.

घोड्याच्या वयाविषयी कागद नसेल तर दात पाहण्याची जुनी रीत आहे. पाचव्या वर्षी घोड्याचे सर्व कायम दात आलेले असतात. खालच्या पुढील दातांवरील खळगे साधारणपणे सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान झिजून जातात. वरच्या जबड्यातील कोपऱ्याच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या निम्म्यापर्यंत आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोहोचते. पुढे ती वरून नाहीशी होत जाते आणि तिशीच्या सुमारास दिसत नाही. हा अंदाज आहे, दाखला नव्हे. चारा, जमीन आणि सवयी यांप्रमाणे दातांची झीज बदलते. तरीही बाजारात ‘बारा वर्षांचा’ म्हणून विकला जाणारा घोडा प्रत्यक्षात विशीचा आहे की काय, एवढे यावरून कळते.

शरीर काय सांगते?

वृद्ध घोड्याच्या डोळ्यांवरील भाग खोल जातो, पाठ मध्यभागी वाकते, कणा व माकडहाड वर दिसू लागते आणि तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात. ही वयाची चिन्हे आहेत. केवळ त्यांमुळे स्वारी थांबवावी असे नाही. ज्या खुणा पाहून निर्णय घ्यावा लागतो, त्या पुढीलप्रमाणे आहेत.

पहिली खूण पायांची. सांध्यांची झीज हे वयस्क घोड्यांच्या लंगडण्याचे प्रमुख कारण आहे. घोड्याला कठीण, सपाट जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवून पाहावे. पुढचा दुखरा पाय जमिनीवर टेकतो तेव्हा घोडा मान वर उचलतो. चांगला पाय टेकताना मान खाली येते. अमेरिकेतील अश्ववैद्यकांच्या संघटनेने लंगडण्याची शून्य ते पाच अशी श्रेणी ठरविली आहे. शून्य म्हणजे दोष नाही. दुसऱ्या श्रेणीत सरळ चालीत दोष कळणे कठीण असते, पण वर्तुळात फिरविताना किंवा पाठीवर वजन असताना तो सातत्याने दिसतो. तिसऱ्या श्रेणीत तो दुडकीत नेहमीच दिसतो, चौथीत साध्या चालीतही उघड असतो आणि पाचवीत घोडा पायावर जेमतेम भार टाकतो. दुडकीत नेहमी लंगडणाऱ्या घोड्यावर पशुवैद्याने तपासल्याशिवाय कुणी बसू नये. सकाळी आखडलेला पाय दहा मिनिटांच्या चालीनंतर मोकळा होतो का, हेही पाहावे. पूर्वी होत असे आणि आता होत नाही, असे आढळल्यास सांध्यांची झीज पुढे गेल्याचे समजावे.

दुसरी खूण श्वास व हृदयाची. विश्रांतीत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतात. जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणाऱ्या धमनीवर बोट ठेवून नाडी मोजता येते. मध्यम श्रमानंतर दहा-पंधरा मिनिटांत ठोके साठच्या खाली यावयास हवेत. एवढ्याच कामानंतर पूर्वी दहा मिनिटांत शांत होणारा घोडा आता अर्धा तास धापा टाकीत असेल, तर ती गंभीर सूचना आहे. वयस्क घोड्यांत महाधमनीच्या झडपेतून रक्त गळण्याचा दोष आढळतो. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. मात्र दोष वाढलेला असेल तर घोडा स्वारासह कोसळण्याचा धोका असतो. म्हणून पंधरा वर्षांपुढील घोड्याचे हृदय वर्षातून एकदा तपासून घेणे, हे घोड्याइतकेच स्वाराच्याही सुरक्षिततेचे आहे.

तिसरी खूण अडखळण्याची. सपाट जमिनीवर वारंवार ठेच लागणे, उतारावर मागचे पाय घसरणे आणि वळताना तोल जाणे यांचा अर्थ स्नायूंची ताकद किंवा पायांवरील ताबा कमी झाला असा होतो. दृष्टी मंद झालेला घोडा एका बाजूने बुजतो. अशा घोड्यावरून लहान मूल पडले, तर दोष घोड्याचा नसतो.

चौथी खूण वर्तनाची. खोगीर दिसताच कान मागे पाडणे, तंग आवळताना चावावयास येणे, रिकिबीत पाय ठेवताच पाठ खाली दाबणे, शेपटी सतत झटकणे, लगाम चावणे, चालण्यास नाखुशी दाखविणे या गोष्टींना ‘खोडी’ म्हणून शिक्षा केली जाते. इंग्लंडमधील अश्ववैद्य स्यू डायसन यांनी २०१८ मध्ये स्वारीखालील घोड्याच्या २४ हालचालींची सूची मांडली. त्यांपैकी आठ किंवा अधिक एकाच वेळी दिसल्यास घोड्याला दुखत असण्याची शक्यता मोठी असते, असा तिचा निष्कर्ष आहे. पाठीचे स्नायू आटल्यामुळे जुने खोगीर टोचू लागते, हेही एक कारण असू शकते. म्हणून आधी खोगीर बदलून पाहावे आणि मगच पुढचा निष्कर्ष काढावा.

वजनाचा हिशेब

स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांहून अधिक भार नसावा, असा सर्वत्र मानला जाणारा नियम आहे. अमेरिकेतील ओहायो येथे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के भार टाकून पाहण्यात आला. २५ टक्क्यांपासून पुढे स्नायूंचे दुखणे व ताण वाढल्याचे त्यात दिसले. आपल्याकडील मारवाडी, काठेवाडी किंवा मिश्र जातीचा घोडा ४०० किलोचा धरला, तर ही मर्यादा ८० किलो होते. खोगीर व इतर सामान आठ-दहा किलोचे असते. म्हणजे स्वार सत्तर किलोच्या आतच हवा. ही मर्यादा निरोगी आणि कसलेल्या घोड्याची आहे. वृद्ध घोड्यासाठी ती आणखी खाली आणावी लागते. म्हणूनच प्रौढांना नेणे थांबविलेला घोडा काही काळ हलक्या मुलांना साध्या चालीत फिरवू शकतो.

निवृत्ती एका दिवसात नको

काम थांबवायचे म्हणजे घोड्याला ठाणावर बांधून ठेवायचे, ही समजूत घातक आहे. सांध्यांना हालचाल हवी असते. अचानक काम बंद झालेल्या घोड्याचे स्नायू आटतात, पाय सुजतात, पोटशूळाचा धोका वाढतो आणि तो उदास होतो. म्हणून उतरती पायरी ठरवावी. प्रथम उड्या मारणे व भरधाव दौड बंद करावी. नंतर दुडकीचा वेळ कमी करावा, आठवड्यातील दिवस घटवावेत. त्यानंतर केवळ सपाट व मऊ जमिनीवर साधी चाल ठेवावी आणि अखेरीस स्वार न बसता हाताने फिरविणे चालू ठेवावे. प्रत्येक पायरीनंतर महिनाभर निरीक्षण करावे.

या काळात एका वहीत दर आठवड्याला पाच गोष्टी लिहाव्यात. खाणे, वजनाचा अंदाज, लंगडणे, श्रमानंतर शांत होण्यास लागलेला वेळ आणि खोगीर घालतानाचे वर्तन. रोज पाहणाऱ्याच्या नजरेतून हळूहळू होणारा बदल निसटतो. सहा महिन्यांपूर्वीचे पान तो दाखविते. मोतद्दाराचे मत या वहीत अवश्य असावे. घोड्याला पहाटे ठाणावरून उठताना पाहणारा तोच असतो.

वेदनाशामकाविषयी एक नियम पाळण्यासारखा आहे. घोड्याला सुखाने चरता, बसता-उठता यावे म्हणून पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध देणे योग्य; त्याच्यावर बसता यावे म्हणून औषध देणे अयोग्य. औषधाने वेदना दबते, झीज थांबत नाही. ही औषधे दीर्घकाळ दिल्यास जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो. औषध दिल्याशिवाय जो घोडा स्वाराला नेऊ शकत नाही, त्याची निवृत्तीची वेळ आलेली आहे.

कायदा काय म्हणतो?

हा केवळ दयेचा प्रश्न नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्याच्या कलम ११ नुसार वय, रोग, अशक्तपणा किंवा जखम यांमुळे कामास अयोग्य झालेल्या प्राण्याला कामास लावणे आणि मालकाने तसे करू देणे हा गुन्हा आहे. उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा ठरतो. पहिल्या गुन्ह्यासाठी या कायद्यात दहा ते पन्नास रुपये एवढाच दंड लिहिलेला आहे. ही रक्कम आज हास्यास्पद वाटते. पण त्यामुळे कृत्याचे स्वरूप बदलत नाही. ओझे वाहणाऱ्या व गाड्या ओढणाऱ्या जनावरांसाठी १९६५ मध्ये केलेल्या नियमांत तट्टावर लादावयाच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते अशा भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावरांना कामास लावू नये, असेही ते नियम सांगतात. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मुंबईतील घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविल्या, तेव्हा घोड्यांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाइतकाच कठीण ठरला होता.

निवृत्तीनंतरचे दिवस

सन्मानाने निवृत्त होणारे घोडेही आपल्या देशात आहेत. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलातील ‘विराट’ या घोड्याने १३ वेळा प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात भाग घेतला आणि २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी तो समारंभपूर्वक निवृत्त झाला. सामान्य मालकाच्या घोड्याला असा समारंभ लागत नाही. त्याला चारा, जागा आणि सोबत लागते.

घोड्याला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के इतका कोरडा चारा रोज लागतो. घोड्याचे दात आयुष्यभर झिजतात आणि हिरडीतून वर सरकत राहतात. पंचविशीच्या पुढे ते संपत येतात. अर्धवट चावलेला चाऱ्याचा गोळा तोंडातून पडू लागला, तर दात तपासावेत आणि कडब्याऐवजी बारीक कुट्टी, भिजविलेला कोंडा, कोवळे गवत द्यावे. वृद्ध घोड्यांत मेंदूतील पोष ग्रंथीचा एक विकार आढळतो. उन्हाळ्यातही अंगावरील लांब केस न झडणे, फार पाणी पिणे आणि वारंवार खूर सुजणे ही त्याची लक्षणे. त्यावर औषध आहे. परंतु अशा घोड्याला प्रेमाने दिलेला गूळ अपायकारक ठरतो. खुरांची छाटणी सहा ते आठ आठवड्यांनी चालूच ठेवावी. स्वारी बंद झाल्यावर नाल काढता येतील का, हे नालबंदाला विचारावे. मुळशीच्या पावसात चिखलात उभ्या राहिलेल्या घोड्याचे खूर कुजतात, म्हणून कोरडे ठाण आवश्यक. धनुर्वाताची लस निवृत्तीनंतरही चुकवू नये. दुसऱ्या घोड्याच्या दृष्टीपथात ठेवणे, हेही औषधाइतकेच उपयोगी आहे.

जागेचा प्रश्न हिंजवडीसारख्या भागात खरा अवघड आहे. जमिनीचे भाव वाढले आणि मोकळी राने आकसली. अनेक मालक तबेल्याचे भाडे परवडेनासे झाले, की घोडा ‘चांगल्या घरी’ विकतात. वृद्ध घोडा स्वस्त असतो, आणि स्वस्त घोडा घेणारा त्याला बहुधा कामासाठीच घेतो. वरात, टांगा किंवा वीटभट्टी अशा वाटेने त्याचा शेवट होऊ शकतो. घोडा देताना तो स्वारीस व ओझ्यास अयोग्य असल्याचे लेखी द्यावे, पुढे विकू नये अशी अट घालावी आणि अधूनमधून जाऊन पाहावे. याहून चांगला उपाय म्हणजे घोडा घेताना सुरुवातीपासूनच त्याच्या निवृत्तीसाठी दरमहा काही रक्कम बाजूला ठेवणे. पंधराव्या वर्षी काम थांबलेला घोडा आणखी दहा वर्षे जगू शकतो, हा हिशेब खरेदीच्या दिवशीच मांडला पाहिजे.

शर्यतीतून बाद झालेल्या घोड्यांची एक वेगळी वाट पुण्याच्या इतिहासात आहे. पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातील निवृत्त घोडे सर्पदंशावरील व इतर प्रतिद्रव्ये तयार करण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्या अनुभवातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. हे काम लोकोपयोगी खरे. पण त्यासाठी धडधाकट घोडा लागतो. थकलेल्या, अशक्त घोड्याला ती विश्रांती नव्हे.

अखेरचा निर्णय

काही घोड्यांच्या बाबतीत निवृत्तीनंतर आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. घोडा आडवा झाल्यावर स्वतः उठू शकत नसेल, औषधांनंतरही वेदना आवरत नसेल, चारा गिळता येत नसेल किंवा खुराचा आजार हाताबाहेर गेला असेल, तर पशुवैद्याच्या हातून वेदनारहित मरण देणे हा दयेचा मार्ग ठरतो. अत्यंत जखमी किंवा असाध्य रोगाने पिडलेल्या प्राण्याबाबत १९६० च्या कायद्यातील कलम १३ मध्येही तशी तरतूद आहे. चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस वाढले, हे वहीतील नोंदींवरून कळते. हा निर्णय पावसाळ्यातील मध्यरात्री, घोडा चिखलात पडलेला असताना घ्यावा लागू नये. पशुवैद्य कोण, पुरण्याची जागा कोणती, स्थानिक संस्थेची परवानगी कशी मिळते, हे आधी विचारून ठेवावे. औषधाने मरण दिलेल्या घोड्याचा देह उघड्यावर टाकू नये. तो खाणारी कुत्री व गिधाडे त्या औषधाने मरू शकतात. त्यामुळे खोल खड्ड्यात पुरणे आवश्यक आहे.

शिवकालीन पागेत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. घोड्याचे पाणी आणि खूर यांची काळजी स्वाराच्या मर्जीवर सोडलेली नव्हती. ती व्यवस्थेचा भाग होती. आजच्या मालकाकडे पागा नसते, पण तीच शिस्त एक वही, वर्षातून दोनदा पशुवैद्याची तपासणी आणि बाजूला ठेवलेली रक्कम यांतून पाळता येते. ‘अजून एक हंगाम चालेल’ असे मालकाच्या मनात दुसऱ्यांदा आले, की पशुवैद्याला बोलवावे. खोगीर काही महिने लवकर उतरले, तर स्वाराच्या काही रपेटी बुडतात. ते उशिरा उतरले, तर त्याची किंमत घोडा भोगतो आणि कधी त्याच्या पाठीवरील मूलही.